आईचे गुडघे ग्रेड ३, बदलायचे नाहीत म्हणते. पीआरपी, आरएफए की अजून काही?

कृष्णाकाठ

नमस्कार, थोडं लांब होईल पण सगळं एकदाच लिहिते म्हणजे परत परत विचारायला नको. आई ६४ वर्षांची, गावी असते कराडजवळ, मी पुण्यात. तिचे दोन्ही गुडघे बरीच वर्षं दुखतायत, उजवा जास्त. वजन ७८ किलो, उंची पाच फुटाला थोडी कमीच, शुगर आहे पण गोळ्यांवर आटोक्यात आहे. सकाळी उठल्यावर गुडघे धरलेले असतात, जरा हिंडलं फिरलं की सुटतात, पण जिना उतरताना आणि खालून उठताना अगदी रडकुंडीला येते. मांडी घालून बसणं केव्हाच बंद झालं, घरात कमोड बसवला, ओट्यापाशी स्टूल ठेवलंय. एक्सरेत ग्रेड ३ सांगितलाय, म्हणजे चारपैकी तिसऱ्या पायरीची झीज, आतल्या बाजूची गादी बरीच झिजलीय आणि कडेला हाड वाढलंय असं म्हणाले.

दिवाळीनंतर तिकडच्याच ऑर्थोंनी उजव्या गुडघ्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं, दोनेक महिने फार छान गेले, मग परत होतं तिथेच. आता ते म्हणतायत पीआरपी करू, म्हणजे तिच्याच रक्तातला भाग गुडघ्यात टोचायचा, तीन इंजेक्शनांचं पॅकेज आहे. पुण्यात एका मोठ्या डॉक्टरांना दाखवलं तर ते म्हणाले वय योग्य आहे, सरळ बदलून टाका. मैत्रिणीने एक पेन क्लिनिक सुचवलं, तिथे गुडघ्याच्या नसा जाळतात त्याबद्दल सांगितलं, आरएफए. आणि भावाने व्हिडिओ बघितलाय की मांडीतून तार घालून गुडघ्याची बारीक रक्तवाहिनी बंद करतात आणि दुखणं जातं, त्याचा खर्च लाखाच्या पुढे सांगतायत. चार ठिकाणी चार गोष्टी, आणि प्रत्येकजण इतक्या खात्रीने बोलतो की समोर बसलं की तेच बरोबर वाटायला लागतं.

आई ऑपरेशनला ठाम नाही म्हणते, गल्लीतल्या एका काकूंचा गुडघा बदलल्यावर नीट वाकेना ते तिने बघितलंय. मला जबरदस्ती करायची नाहीये. पण पैसे आणि तिची सहनशक्ती दोन्ही वाया जायला नकोत. यातलं खरंच काय उपयोगी पडतं, किती दिवस पुरतं, आणि तिच्यासारख्या गुडघ्याला काय करणं शहाणपणाचं? ज्यांनी करून घेतलंय त्यांनी प्लीज लिहा.

डोंबिवलीकर

बाबांचं आरएफए केलंय दोन वर्षांपूर्वी, वय ७१, हार्टचा प्रॉब्लेम असल्यामुळे मोठं ऑपरेशन टाळायचं होतं. डे केअर, सकाळी गेलो संध्याकाळी घरी. साधारण आठ दहा महिने खूप आराम, मग हळूहळू दुखायला लागलं, परत केलं. दुसऱ्या वेळीही उपयोग झाला. दुखणं शून्य नाही होत पण ते बाजारात एकटे जायला लागले आमच्यासाठी तेवढं पुष्कळ होतं. फक्त आधी चाचणी म्हणून सुन्न करायचं इंजेक्शन देतात, त्यात आराम पडला तरच पुढे जा.

वेदनावैद्य

कृष्णाकाठ ताई, मी भूलतज्ज्ञ, आता बरीच वर्षं फक्त पेन मेडिसिनचंच काम करतो. आरएफए मी स्वतः करतो तेव्हा माझं मत त्या बाजूला झुकलेलं असू शकतं हे धरून वाचा.

आधी एक गोष्ट जी ओपीडीत सांगायला कुणाला वेळ नसतो. गादी म्हणजे कूर्चा, तिच्यात स्वतःची नस नसतेच. ती झिजली म्हणून ती दुखत नाही. दुखतं ते तिच्या खालचं हाड, सांध्याच्या आतलं अस्तर सुजतं ते, बाहेरचं वेष्टण ताणलं जातं ते, आणि बाजूचे स्नायू दमतात ते. म्हणून तर काहीजणांचा एक्सरे भयंकर असतो आणि माणूस पंढरपूरला चालत जाऊन येतो, आणि काहींचा एक्सरे बरा असून रात्र रात्र झोप नाही. तुम्हाला चार ठिकाणी चार उपाय सांगितले कारण ते चार उपाय चार वेगळ्या जागी काम करतात. आईचं दुखणं मुख्यतः कुठून येतंय हे न बघता उपाय निवडला की मग पॅकेज संपतं आणि गुडघा तिथेच राहतो.

स्टिरॉइड हे सुजलेल्या अस्तरावर काम करतं. गुडघा सुजलाय, हाताला गरम लागतोय, पाणी झालंय अशा वेळी ते उत्तम, पण आराम काही आठवडे ते दोन तीन महिने एवढाच. आईंना तेच झालं, म्हणजे इंजेक्शन फसलं नाही, त्याची मुदत तेवढीच. वारंवार घेऊ नका. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या १४० पेशंटवरची एक चाचणी छापून आली, दर तीन महिन्यांनी दोन वर्षं ट्रायमसिनोलोन हे स्टिरॉइड दिलं एका गटाला आणि दुसऱ्याला नुसतं सलाईन. दोन वर्षांनी दुखण्यात फरक नाही, आणि स्टिरॉइडवाल्यांची कूर्चा जास्त झिजलेली. शुगरवाल्यांची शुगर इंजेक्शननंतर काही दिवस वर जाते हेही लक्षात ठेवा. आणि उद्या गुडघा बदलायचं ठरलंच तर त्याआधीचे तीन महिने त्या गुडघ्यात स्टिरॉइड नको, इन्फेक्शनचा धोका वाढतो.

आता आरएफए. गुडघ्याच्या वेष्टणाकडून दुखण्याचा निरोप नेणाऱ्या बारीक नसा असतात, जेनिक्युलर नर्व्ह म्हणतात त्यांना. त्यातल्या तीन पकडतात, वरच्या दोन बाजूंच्या आणि खालची आतल्या बाजूची. खाली बाहेरच्या बाजूला मुद्दाम जात नाही कारण तिथून पाऊल वर उचलणारी नस जाते, तिला धक्का नको. एक्सरे मशीनखाली किंवा सोनोग्राफीवर बघत सुई हाडाला टेकवायची, आधी हलका करंट देऊन पाऊल किंवा स्नायू उडत नाही ना ते बघायचं, मग टोक ८० अंशाला साधारण दीड मिनिट तापवायचं. पाण्याने गार ठेवलेल्या सुईचा प्रकार आहे त्याला कूल्ड आरएफ म्हणतात, टोक ६० अंशाला असतं पण जाळलेला भाग मोठा होतो त्यामुळे नस हुकण्याची शक्यता कमी, अर्थात सुई महाग. जागेवरच भूल देऊन होतं. दोन तीन दिवस ठणकतं, कधी काळंनिळं होतं, कुणाला थोडा भाग बधिर वाटतो.

कोरियात २०११ मध्ये ३८ पेशंटवर पहिली नीट चाचणी झाली, तीन महिन्यांनी खऱ्या आरएफवाल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांचं दुखणं निम्म्यावर आलेलं आणि नकली प्रोसिजरवाल्यांत एकाचंही नाही. पुढे २०१८ मध्ये १५१ पेशंटमध्ये कूल्ड आरएफची स्टिरॉइडशी तुलना झाली, सहा महिन्यांनी दुखणं निम्मं झालेले ७४ टक्के, स्टिरॉइड गटात १६ टक्के. पण पेशंटना आपल्याला काय दिलंय हे माहीत होतं, त्यामुळे हा आकडा थोडा फुगलेला धरा.

ही नस परत वाढते. म्हणून आराम सहा महिने, वर्ष, कुणाला जास्त. सांधा आहे तसाच राहतो, बाक सरळ होत नाही, जो गुडघा वाकत नाही तो वाकायला लागत नाही. वेळ मिळतो एवढंच, आणि त्या मिळालेल्या वेळात स्नायू तयार केले नाहीत तर आरएफए करून पैसे पाण्यात. हे मी माझ्या प्रत्येक पेशंटला सांगतो आणि निम्मे तरी ऐकत नाहीत याचं मनापासून वाईट वाटतं.

आकडेमोड

डॉक्टरांनी छान लिहिलंय, मी त्यात पीआरपीबद्दल भर घालतो कारण पॅकेज त्याचंच गळ्यात पडतंय.

आधी एक जुनी चाचणी सांगतो, गुडघ्याच्या कुठल्याही उपायाबद्दल वाचताना ती डोक्यात असावी. अमेरिकेत ह्यूस्टनच्या माजी सैनिकांच्या हॉस्पिटलात १८० लोक घेतले, सगळे गुडघ्याच्या झिजेचे. काहींचा गुडघा दुर्बिणीतून धुतला, काहींचा धुऊन खरवडून साफ केला, आणि काहींना फक्त कातडीवर चिरे देऊन टाके घातले, आत काही केलंच नाही. २००२ मध्ये निकाल छापून आला. दोन वर्षं पाठपुरावा केला, तिन्ही गटांत फरक नाही. म्हणजे नुसते टाके पडलेल्यांनाही तेवढंच बरं वाटलं. त्यानंतरही आपल्याकडे दुर्बिणीतून सफाई करून देतो म्हणून कित्येक वर्षं लोकांचे पैसे घेतले गेले, अजूनही कुणी फक्त झिजेसाठी सफाई सुचवली तर नक्की दुसरं मत घ्या.

गुडघ्याचं दुखणं मुळातच चढतं उतरतं. माणूस डॉक्टरकडे जातो ते दुखणं सगळ्यात वर असताना, त्यानंतर काहीही केलं तरी थोडं खाली येणारच. त्यात सुई टोचली की मनालाही उभारी येते. त्यामुळे अमक्याला फरक पडला यावरून काही ठरत नाही, सलाईनच्या सुईशी तुलना करून फरक उरतो का ते बघावं लागतं.

पीआरपी म्हणजे आपलंच रक्त काढून मशीनमध्ये फिरवून प्लेटलेटवाला भाग गुडघ्यात टोचायचा. ऑस्ट्रेलियात २८८ लोकांवर हे केलं, आठवड्याला एक अशी तीन इंजेक्शनं, एका गटाला पीआरपी आणि दुसऱ्याला सलाईन, कुणाला काय दिलं ते पेशंटला माहीत नाही. २०२१ मध्ये निकाल आला. वर्षाने दुखणं पीआरपीत २.१ ने कमी आणि सलाईनमध्ये १.८ ने, दहाच्या मापावर. एवढा फरक माणसाला जाणवतही नाही. कूर्चाही जैसे थे. आणि हे सगळे ग्रेड २ आणि ३ वाले होते, म्हणजे आईंसारखेच.

दुसऱ्या बाजूने छोट्या चाचण्या आहेत ज्यात पीआरपी बरं ठरलं, आणि प्रत्येक ठिकाणी तयार करायची पद्धत वेगळी, प्लेटलेट किती, पांढऱ्या पेशी ठेवल्या की काढल्या, त्यामुळे वाद मिटलेला नाही. पण गादी परत वाढते असं कुणी सांगत असेल तर ते खोटं आहे, एवढं ठामपणे म्हणतो. ज्या गोष्टीचा फायदा इतका वादात आहे ती पॅकेजने आगाऊ पैसे भरून घेऊ नये.

वंगणाचं इंजेक्शन, हायल्युरॉनिक अॅसिड, तेही कुणीतरी सुचवेलच. वंगण संपलंय हे वाक्य लोकांना लगेच पटतं म्हणून ते खपतं. अमेरिकेच्या ऑर्थोपेडिक सर्जनांच्या संघटनेने २०१३ मध्येच त्याची शिफारस करत नाही असं सांगितलं, आणि २०२२ मध्ये सगळ्या चाचण्या एकत्र करून बघितल्या तर सलाईनपेक्षा फायदा नगण्य निघाला.

वेदनावैद्य

आकडेमोड, हायल्युरॉनिकबद्दल पूर्ण सहमत. पीआरपीबद्दल मी तुमच्याइतका कडक नाही. कमी वय, ग्रेड २, वजन आटोक्यात, बाक नाही अशा पेशंटला पीआरपीने आठ दहा महिने बरं वाटलेलं मी बघतो, आणि स्टिरॉइडसारखा शुगरचा त्रास नाही. तुम्ही म्हणाल तेही सलाईनने झालं असतं, ते मला नाकारता येत नाही. पण आईंना शुगर, वजन आणि आतली बाजू बरीच झिजलेली, त्यांच्याबाबत मीही पीआरपीवर पैसे घालू नका असंच म्हणेन. तिथे आपलं एकमत आहे.

भावाने बघितलेला प्रकार म्हणजे जेनिक्युलर आर्टरी एम्बोलायझेशन. कल्पना चांगली आहे. सुजलेल्या अस्तरात नवीन बारीक रक्तवाहिन्या फुटतात आणि त्यांच्या सोबतीने दुखण्याच्या नसाही वाढतात. जपानमध्ये ओकुनो नावाच्या डॉक्टरांनी हे सुरू केलं, २०१५ च्या सुमारास त्यांचे पहिले निकाल आले. जांघेतल्या धमनीतून बारीक नळी गुडघ्यापर्यंत न्यायची आणि त्या नको असलेल्या वाहिन्यांत अगदी सूक्ष्म कण सोडून रक्त तोडायचं. इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट करतात, टाका नाही. सुरुवातीचे निकाल ऐकून आम्हीही भारावलो होतो. पण नकली प्रोसिजरशी तुलना केल्यावर चित्र एकसारखं राहिलं नाही, अमेरिकेतल्या २१ जणांच्या छोट्या चाचणीत फायदा दिसला, ऑस्ट्रेलिया आणि हॉलंडमधल्या चाचण्यांत ठळक फरक निघाला नाही. कातडीवर काही दिवस लालसर निळे डाग येऊ शकतात, ते बहुतेक आपोआप जातात. ज्यांचा गुडघा सतत सुजलेला असतो आणि झीज फार नाही, त्यांच्यात उद्या याला जागा मिळेलही. पण आज लाखभर रुपये स्वतःच्या खिशातून घालून करावं असं मला वाटत नाही.

मीरा_फिजिओ

ताई, मी नाशिकला फिजिओथेरपिस्ट आहे. इतकी सगळी पोस्ट वाचली त्यात व्यायाम हा शब्दच नाही आणि हे रोज होतं, गुडघा दुखतो म्हणजे सुई नाहीतर ऑपरेशन, मधलं सगळं गायब. व्यायाम म्हणजे कागदावर चार चित्रं छापून दिलेली आणि आठवड्यात ड्रॉवरमध्ये गेलेली, मग व्यायाम करून बघितला काही उपयोग नाही असं सांगतात.

२०२० मध्ये अमेरिकन लष्कराच्या हॉस्पिटलांत १५६ जणांवर बघितलं होतं, एका गटाला स्टिरॉइडची इंजेक्शनं आणि दुसऱ्याला फिजिओ. वर्षाच्या शेवटी फिजिओवाल्यांचं दुखणंही कमी आणि हालचालही चांगली. सुई पहिल्यांदा पटकन आराम देते हे खरं, पण वर्ष मोठं असतं.

आईंसाठी सांगते, समोर न बघता जेवढं सांगता येईल तेवढंच. खुर्चीवर बसून पाय सरळ करायचा, गुडघ्याच्या वरचा स्नायू घट्ट करून पाच मोजायचे, सावकाश खाली. जमायला लागलं की घोट्याला अर्ध्या किलोची वाळूची पिशवी. भिंतीपाशी उंच खुर्ची ठेवून हात न टेकता उठायचं बसायचं, सुरुवातीला उशी ठेवून उंची वाढवा, मग एकेक उशी काढा. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलायचा, हा सगळे विसरतात आणि चालताना कंबर डगमगते ती याच स्नायूमुळे. दिवसाआड करा. करताना थोडं दुखलं तर चालतं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी आदल्यापेक्षा जास्त दुखायला नको, जास्त दुखलं तर वजन किंवा संख्या कमी करा, बंद करू नका. बंद केलं की स्नायू गळतो आणि सगळा भार सांध्यावर येतो. सहा ते आठ आठवड्यांनी फरक कळतो, त्याआधी निराश होऊ नका, हे आईंना आधीच सांगून ठेवा.

काठी उजव्या गुडघ्यासाठी डाव्या हातात धरायची. बहुतेक लोक दुखऱ्या बाजूच्याच हातात धरतात आणि निम्मा फायदा जातो. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी.

आणि वजन. एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने कमी होतो, हे मोजून बघितलेलं आहे. पाच सहा किलो गेले तरी आईंना जिन्यावर कळेल. गावाकडे आईवर्गाला वजन कमी करा म्हटलं की त्या एक वेळचं जेवण सोडतात आणि चहा बिस्किटं वाढतात, त्यापेक्षा भाकरी एक कमी आणि डाळ, उसळ, ताक, अंडं चालत असेल तर अंडं वाढवा, नाहीतर वजनासोबत स्नायूही जातो. शुगरच्या डॉक्टरांना एक गोष्ट जरूर विचारा, शुगर आणि वजन उतरवणारं सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन आईंना चालेल का. २०२४ मध्ये गुडघेदुखी आणि लठ्ठपणा असलेल्या ४०७ लोकांवर त्याची चाचणी झाली, वजन जवळपास १४ टक्के उतरलं आणि दुखणंही नकली औषधापेक्षा बरंच जास्त कमी झालं. महाग आहे, उलट्या मळमळ होते, सगळ्यांना चालत नाही, पण वजन आणि शुगर दोन्ही आहे म्हणून विचारण्यासारखं आहे.

डायक्लोफेनॅकचा जेल दिवसातून तीन चार वेळा लावा, पोटातल्या गोळीपेक्षा किडनी आणि पोटाला कितीतरी सुरक्षित. शुगरवाल्यांनी दुखण्याच्या गोळ्या मेडिकलमधून स्वतः आणून महिनोन्महिने खाणं हे मला सगळ्यात जास्त भीतीचं वाटतं.

निवृत्त_मुख्याध्यापिका

माझे दोन्ही गुडघे बदललेले आहेत, वय ७३, म्हणून दुसरी बाजू लिहिते. मीही पाच सहा वर्षं टाळलं. तेल, पट्टे, काढे, लेझर, एका ठिकाणी ओझोन म्हणून काहीतरी, त्या सगळ्याचा खर्च बेरीज केला तर ऑपरेशनच्या जवळ गेला असता. पाय बाहेरच्या बाजूला बाकले होते आणि रात्री झोपेतही दुखायचं. त्या अवस्थेला सुईने काही होत नाही बाळा.

आमच्या पिढीची भीती गेली ती वाजपेयींमुळे. २००० साली मुंबईत ब्रीच कँडीला त्यांचा एक गुडघा बदलला आणि पुढच्या वर्षी दुसरा, डॉक्टर चित्तरंजन राणावत न्यूयॉर्कहून आले होते त्यासाठी. रोज पेपरात बातमी यायची आणि घराघरात गुडघा बदलता येतो हे कळलं. तेव्हा खर्च आवाक्याबाहेर होता. २०१७ च्या ऑगस्टमध्ये सरकारने किमतीवर मर्यादा घातली, नेहमीचा कोबाल्ट क्रोमियमचा सांधा जो दीड लाखाच्या वर विकला जायचा तो ५४,७२० रुपये अधिक जीएसटी झाला. बिलात सांध्याची किंमत वेगळी दाखवायला सांगा, तो तुमचा हक्क आहे.

शेजारच्या काकूंचा गुडघा वाकत नाही असं लिहिलंत. मी बरोबरीच्या बायका बघितल्या, ज्यांनी पहिले दोन महिने रडत रडत का होईना व्यायाम केला त्यांचा वाकला, ज्यांना घरच्यांनी दुखतंय ना राहू दे म्हटलं त्यांचा राहिला. आईंना कुणीतरी हे बोललं पाहिजे. त्यांना नको असेल तर नको, पण काकूंकडे बघून नको म्हणू नयेत.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार, मी हे सगळं प्रिंट काढून आईला वाचून दाखवलं. बाईंचं वाचून ती बराच वेळ गप्प होती आणि मग म्हणाली काकूंनी खरंच व्यायाम केला नव्हता. मी काहीच बोलले नाही.

रात्री झोपेत दुखत नाही तिला. गुडघा अधूनमधून सुजतो, सतत नाही. बाक आहे का ते मला कळत नाही. पीआरपीला नाही कळवतोय. कराडमध्ये फिजिओ बघितलाय, आठवड्यातून दोनदा जाईल, भाऊ सोडेल. आरएफएचा विचार आहे पण आता लगेच करावं की आधी व्यायाम करून बघावा? आणि गुडघा बदलायची वेळ आली हे आम्हाला कळणार कसं?

वेदनावैद्य

बाक बघायचा तर उभं राहून दोन्ही पायांचा एक्सरे काढा, मांडीच्या सांध्यापासून घोट्यापर्यंत. बऱ्याच ठिकाणी अजून झोपवून काढतात, त्यात खरी गॅप दिसत नाही. बाक फार नसेल आणि फक्त आतलीच बाजू गेली असेल, लिगामेंट शाबूत असतील, तर अर्धा गुडघा बदलायचाही पर्याय असतो, तो ऑपरेशनने लहान आणि वाकणंही जास्त चांगलं. हे ऑर्थोंना नाव घेऊन विचारा, कारण तो सगळेजण करत नाहीत आणि जे करत नाहीत ते सहसा सुचवत नाहीत.

तीन महिने व्यायाम, वजन आणि जेल मनापासून करा. दुखण्यामुळे व्यायामच होत नसेल तर मात्र थांबू नका, आरएफए आधी करून घ्या आणि त्या आरामात व्यायाम बसवा, अशा वेळी ते सगळ्यात जास्त कामी येतं. रक्त पातळ करायची गोळी किंवा पेसमेकर असेल तर आधी सांगा.

बदलायची वेळ म्हणाल तर एक्सरेवरून ठरवू नका. रात्रीची झोप मोडायला लागली, घरातल्या घरात चालणं कमी झालं, बाक वर्षागणिक वाढतोय, किंवा गुडघा पूर्ण सरळ होईनासा झाला, यातलं काही दिसलं की सुया थांबवून सर्जनकडे जा. फार उशीर केला तर स्नायू इतके गळतात की ऑपरेशननंतर उभं राहणंच जड जातं. आणि कुठलंही इंजेक्शन झाल्यावर गुडघा लाल, गरम, टम्म सुजला आणि ताप आला तर त्याच दिवशी हॉस्पिटल, दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही, शुगर असताना तर मुळीच नाही.

डोंबिवलीकर

चाचणीच्या इंजेक्शनच्या दिवशी आम्हाला कुणी नीट सांगितलं नव्हतं काय करायचं ते. बाबा घरी येऊन झोपले आणि उठेपर्यंत भूल उतरली, मग किती आराम पडला ते सांगता येईना आणि परत टोचावं लागलं. ताई हे आधी विचारून घ्या.

वेदनावैद्य

हे फार बरं लिहिलंत. ताई, त्या दिवशी सकाळी दुखण्याची गोळी घ्यायची नाही. इंजेक्शनच्या आधी आईंना नेहमी जे दुखतं तेच करायला लावा, जिना उतरणं, खुर्चीतून उठणं, आणि दहापैकी किती ते लिहा. इंजेक्शननंतर अर्ध्या तासाने परत तेच, मग दर तासाला संध्याकाळपर्यंत. झोपायचं नाही, हिंडत राहायचं, फक्त जिन्यावर कुणीतरी सोबत हवं कारण गुडघा थोडा हलका वाटतो. निम्म्याहून जास्त कमी झालं तरच पुढे जायचं, नाही झालं तर ती नस जाळून उपयोग नाही आणि तसं सांगणाऱ्या डॉक्टरवर विश्वास ठेवा. उपाशी यायचं का ते क्लिनिकला विचारा, आणि त्यांनी उपाशी बोलावलं तर त्या सकाळच्या शुगरच्या गोळीचं काय करायचं ते त्याच फोनवर विचारून घ्या.